चार महाभूतं आणि अठ्ठ्याहत्तर पत्ते

चुलीपाशी, गोठ्यात, शिलाई मशीनवर, नाहीतर शेंगा फोडत रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या गटांतल्या आयाबहिणींना आमचा नमस्कार.

आजचा विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे. गेले काही महिने आम्ही समन्वयक गटाच्या बैठकांना गेलो की बचत, हप्ते, बँकेचे कागद सगळं उरकल्यावर, चहा येईपर्यंतच्या वेळात कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, ते टॅरो म्हणजे काय हो?" मोबाईलवर एक बाई टेबलावर पत्ते पसरून बसलेली असते. बाजूला मेणबत्ती. ती सांगते, मनात इच्छा धरा आणि तीन गठ्ठ्यांतला एक निवडा. आपण निवडतो. मग ती म्हणते, तुमच्या आयुष्यात अग्नितत्त्व वाढलंय, जलतत्त्व कमी पडलंय. पुढचं ऐकायचं असेल तर खाली नंबर दिलेला असतो.

आम्ही हे हसण्यावारी नेलं असतं. पण एका गटातल्या सदस्येनं तीन हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं होतं. वहीत कारण लिहिलं होतं औषधपाणी. दोन हप्ते थकले तेव्हा भर बैठकीत ती रडली आणि खरं कारण सांगितलं. तिचा नवरा पितो. फोनवरच्या पत्तेवालीनं आधी पाचशे रुपये पत्ते बघायला घेतले. "घरात अग्नी फार आहे, पुरुषाच्या मनातलं पाणी आटलंय," असं सांगितलं. मग तत्त्वं शांत करण्याच्या उपायाचे अडीच हजार घेतले. त्यानंतर तो नंबर लागला नाही. दारू होती तिथंच आहे. हे सगळं आम्ही तिच्या परवानगीनं सांगतोय, तिनंच सांगा म्हटलं. बैठकीत दोघी-तिघी हसल्या होत्या. आम्हाला हसू आलं नाही. ती अडाणी नाही, दहावी शिकलीय, गटाचा हिशेब तोंडपाठ सांगते. तिला तो अग्नी आणि ते पाणी इतकं खरं का वाटलं असेल, हे आम्हाला शोधायचं होतं. म्हणून आम्ही वर्गणी काढून पत्त्यांचा एक जोड मागवला, मिळेल ते वाचलं, आणि आज त्यातलं तुमच्यापुढे ठेवतोय.

आधी जोड कसा असतो ते पाहू. आपला नेहमीचा जोड बावन्न पत्त्यांचा. टॅरोचे पत्ते ७८. त्यातले २२ चित्रांचे, त्यांना स्वतंत्र नावं आहेत: सूर्य, चंद्र, न्याय, मृत्यू अशी. उरलेले ५६ आपल्या पत्त्यांसारखेच चार रंगांत वाटलेले. प्रत्येक रंगात चौदा. एक्का ते दहा, आणि वर गुलाम, घोडेस्वार, राणी, राजा. म्हणजे आपल्यापेक्षा घोडेस्वार तेवढा जास्त. आणि रंग म्हणजे बदाम, इस्पिक, चौकट, किलवर नाहीत. तिथं आहेत पेला, तलवार, नाणं आणि काठी. पेल्याच्या जागी बदाम, तलवारीच्या जागी इस्पिक, नाण्याच्या जागी चौकट आणि काठीच्या जागी किलवर धरलात की जोड ओळखीचा वाटू लागतो.

आता या चार रंगांना चार महाभूतं जोडलेली आहेत. महाभूत म्हणजे पिंपळावरचं नव्हे, हे एका आजींनी आम्हाला आधीच विचारून घेतलं. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही आपली पंचमहाभूतं. युरोपात चारच धरतात. माती, पाणी, आग, वारा. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सिसिली बेटावर एम्पेडोक्लीझ नावाचा ग्रीक विचारवंत होऊन गेला. जगातलं सगळं या चार मुळांपासून बनलंय असं त्यानं मांडलं. मागून ॲरिस्टॉटलनं पाचवं आकाशातलं तत्त्व सांगितलं, पण ते ग्रहताऱ्यांसाठी, खाली पृथ्वीवर चारच. त्यांचे वैद्यही शेकडो वर्षं शरीरातले चार रस या चारांशी जोडत आले, जसे आपले वैद्य वात, पित्त, कफ सांगतात.

टॅरोमध्ये पेला म्हणजे पाणी. पाणी म्हणजे मन, माया, नाती, रडणं. काठी म्हणजे आग. आग म्हणजे उमेद, धडपड, कामाची रग. तलवार म्हणजे वारा. वारा म्हणजे विचार, बोलणं, भांडण, निवाडा. नाणं म्हणजे माती. माती म्हणजे शरीर, घर, शेत, पैसा, हातचं काम.

ऐकताना पटतं की नाही? आम्हालाही पटलं. कारण आपण रोज हेच बोलतो. डोळ्यांत पाणी, मायेचा ओलावा, नात्यात आलेला कोरडेपणा. अंगात रग, पोटात आग, डोकं तापलं. गावात वारं फिरलं, कानावर वाऱ्यानं आलं. तलवारीचा घाव भरतो, शब्दाचा भरत नाही, हे तर आपल्या सासवांनी आपल्याला घाव घालत घालतच शिकवलं. आणि मातीचं काय सांगावं, मातीत घाम गाळला तरच नाणं दिसतं. म्हणजे ती पत्तेवाली जे बोलली ते आपल्याच भाषेत आधीपासून होतं. पिणाऱ्या माणसाच्या घरात आग जास्त आणि माया कमी, हे सांगायला पत्ता लागत नाही. कुठल्याही घराला ते वाक्य बसतं, आणि बसलं म्हणून आपल्याला वाटतं की तिला आपलं घर दिसलं.

ही जोडणी केली कुणी? इथं गंमत आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

हे पत्ते मुळात खेळायचे. युरोपात पत्ते आले ते चौदाव्या शतकात, मुसलमान देशांतून. इजिप्तमध्ये तेव्हा मामलुक सुलतानांचं राज्य होतं. त्यांच्या काळचा, हातानं रंगवलेला पत्त्यांचा एक जोड आज इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या संग्रहालयात आहे. त्यात चार रंग आहेत: पेला, नाणं, तलवार आणि पोलो खेळायची काठी. इटलीत पोलो कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून त्या काठीची झाली नुसती काठी, दांडकं. पुढं पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान, फेरारा अशा ठिकाणच्या सरदारांनी या चार रंगांत हुकमाच्या चित्रांची भर घातली. त्यातले काही जोड सोन्याचा वर्ख लावलेले आहेत. हुकूम टाकून हात जिंकायचा, आपल्या मेंढीकोटासारखा खेळ. फ्रान्स, ऑस्ट्रियाकडे आजही लोक टॅरोच्या पत्त्यांनी खेळतात. भविष्य बघायचं म्हणून ते कुणी बनवले नव्हते.

आपल्याकडेही असाच पाहुणा आला. गंजिफा हा खेळ इराणकडून आला आणि सावंतवाडीत रुजला. गोल पत्ते, लाखेचं रोगण, आणि दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते, एकूण १२०. कुणाची खूण मासा, कुणाची कासव, कुणाची परशू. इटलीवाल्यांनी पोलोच्या काठीचं दांडकं केलं, आपल्या चिताऱ्यांनी पत्त्यांवर मत्स्य-कूर्म बसवले. ज्याचं त्यानं आपल्या घरातलं घातलं. सावंतवाडीच्या राजवाड्यात हे पत्ते अजूनही हातानं रंगवतात. तिकडे सहल नेणार असाल तर मोती तलाव पाहून परत फिरू नका, पत्ते बघा.

टॅरोला गूढ चढलं ते बरंच नंतर. १७८१ मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलँ नावाच्या विद्वानानं लिहून टाकलं की हे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचं गुप्त ज्ञान आहे. पुरावा काही नाही. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे वाचता न येणाऱ्या पोथीचा हवाला देऊन सांगण्यासारखं झालं. पत्ते इजिप्तकडून आले हे खरंच, पण पुरोहितांकडून नव्हे, खेळणाऱ्यांकडून. तरीही ही गोष्ट लोकांना इतकी आवडली की थोड्याच वर्षांत पॅरिसमध्ये पत्ते बघून भविष्य सांगण्याचा धंदा उभा राहिला. मग १८८८ मध्ये लंडनमध्ये 'गोल्डन डॉन' नावाची एक गूढविद्येची मंडळी निघाली. तिनं पत्ते, ग्रह, राशी, अक्षरं आणि चार तत्त्वं यांचा एकमेकांशी पक्का तक्ता बसवला. मोबाईलवरची बाई जे सांगते ते बहुतेक या तक्त्यातलं. म्हणजे वय किती? सव्वाशे-दीडशे वर्षं. आपल्या गावातली काही घरं त्याहून जुनी आहेत.

आता त्यातली खरी मेख. हा तक्ता सगळे पाळत नाहीत. काही लेखक आणि काही जोड उलटं धरतात, काठी म्हणजे वारा आणि तलवार म्हणजे आग. त्यांचंही म्हणणं बिनबुडाचं नाही. काठी झाडाची, झाड वाऱ्यावर डोलतं. तलवार भट्टीत तापून तयार होते. दोन्ही पटतं. मग आमच्या त्या सदस्येला जो काठीचा पत्ता निघाला, तोच पत्ता दुसऱ्या बाईच्या टेबलावर निघाला असता, तर तिच्या घरात अग्नी वाढण्याऐवजी वारं शिरलं असतं. आणि उपाय वाऱ्याचा झाला असता. पैसे तेवढेच. हे आम्ही तिला दोन्ही तक्ते समोर ठेवून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हंजे नवरा तोच, आन् रोग पत्त्यापरमानं?"

एक गोष्ट मात्र आम्ही पत्ते बघताना विसरलो नाही, ती म्हणजे चित्रं. चित्रं सुंदर आहेत. आणि ती एका बाईनं काढलीत. पामेला कोलमन स्मिथ तिचं नाव. जन्म १८७८, लंडनचा. लहानपण इंग्लंड आणि जमैकात गेलं, चित्रकला अमेरिकेत शिकली. गोल्डन डॉनमधल्याच ए. ई. वेट नावाच्या गृहस्थांनी नवा जोड काढायचं ठरवलं आणि चित्रांचं काम तिला दिलं. तोवर बहुतेक जोडांत पाच पेल्यांच्या पत्त्यावर नुसते पाच पेले असत. पामेलानं प्रत्येक पत्त्यावर माणसं आणली, प्रसंग आणला. ७८ चित्रं तिनं काही महिन्यांत पुरी केली. १९०९ च्या डिसेंबरात रायडर नावाच्या लंडनच्या प्रकाशकानं जोड बाजारात आणला. त्याचं नाव काय पडलं? रायडर-वेट. छापणारा आणि सांगणारा. काढणारी नावात नाही. काम संपताना तिनं न्यूयॉर्कच्या एका छायाचित्रकार स्नेह्याला पत्र लिहिलं, त्यात म्हटलंय की काम प्रचंड आणि पैसा अगदी थोडा. त्या चित्रांचे जोड आजवर जगभर किती खपले असतील, पण ती १९५१ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या ब्यूड या लहान गावी वारली तेव्हा डोक्यावर देणं होतं, घरातलं सामान विकून ते भागवलं. तिची कबर नक्की कुठं आहे तेही ठाऊक नाही. अलीकडे लोक त्या जोडाच्या नावात स्मिथ हे नाव आवर्जून घालू लागलेत. पण पत्ता हातात घेऊन कोपऱ्यात नीट बघा, वेलबुट्टीसारखी एक छोटी सही दिसते. पी, सी, एस ही तिची अक्षरं एकात एक गुंफून तिनं प्रत्येक चित्रात ठेवली आहेत. आमच्या पापडाच्या पाकिटावर ठेकेदाराचं नाव मोठं आणि गटाचं नाव बारीक असतं, त्यावरून झालेला वाद ज्या गटांना आठवत असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तिनं तत्त्वं चित्रांत कशी मिसळली तेही बघण्यासारखं आहे. पेल्याच्या गुलामाच्या पेल्यातून मासा डोकं काढून त्याच्याशी बोलतोय. तलवारीच्या राजाच्या सिंहासनावर फुलपाखरं. नाण्याच्या राजाच्या सिंहासनाला बैलाची डोकी, आणि नाण्याच्या राणीच्या पायाशी एक ससा. काठ्या तर वाळलेल्या नाहीतच, प्रत्येकीला कोवळी पालवी फुटलेली. आगीची म्हणून जाळून टाकली नाही, जिवंत ठेवली. आम्हाला हे फार आवडलं.

मग आम्ही तीन गावांत एक प्रयोग केला. बैठक संपल्यावर काही पत्ते मधोमध ठेवले. अर्थ सांगायचा नाही, भविष्य तर नाहीच. नुसतं विचारायचं, काय दिसतंय?

काठ्यांचा दश्शा ठेवला. एक माणूस दहा काठ्या कवेत घेऊन, वाकून, त्यांतच तोंड खुपसून घराकडे चाललाय. समोरची वाट त्याला दिसत नाही. बायका लगेच म्हणाल्या, ही मोळी आहे. एक म्हणाली, मोळी डोक्यावर घेतली असती तर निदान वाट दिसली असती, पुरुषाला ओझं धरायची सवय नाही. खूप हसलो. मग एकेकीनं आपल्या काठ्या मोजल्या. सासऱ्यांचं आजारपण. दोन म्हशी. मुलीची बारावी. गटाचं सचिवपद. एकीच्या अकरा भरल्या. तिच्याकडे सहा वर्षं सचिवपद होतं आणि आजवर कुणी ते घ्यायला पुढं आलं नव्हतं. त्या दिवशी दोघी आल्या.

नाण्यांचा छक्का ठेवला. एक श्रीमंत माणूस हातात तराजू धरून नाणी वाटतोय आणि खाली दोघे गुडघ्यावर बसून हात पसरतायत. एक म्हणाली हा सावकार. दुसरी म्हणाली दानशूर माणूस आहे. तिसरी म्हणाली बँकेचा साहेब. त्यावरून अर्धा तास बोलणं झालं. कर्ज मागताना आपण मनातल्या मनात गुडघ्यावर का बसतो, आणि गटात गोल का बसतो. पंचसूत्री आम्ही शंभरदा फळ्यावर लिहिली असेल, पण अंतर्गत कर्जावर इतक्या मोकळेपणी बोलणं त्या गावात पहिल्यांदा झालं.

आणि तलवारींचा नव्वा. एक माणूस रात्री अंथरुणात उठून बसलाय, तोंड दोन्ही हातांत, मागं भिंतीवर नऊ तलवारी आडव्या. हा पत्ता ठेवला तेव्हा कुणी हसलं नाही. झोप लागत नाही असं चौघींनी सांगितलं. त्यातल्या एकीला आम्ही दुसऱ्याच आठवड्यात आशाताईंबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तिथून पुढं जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे. गोळ्या चालू आहेत. झोप येते.

आता सगळ्या म्हणतील, मग पत्ते चांगलेच की. आमचं मत सरळ आहे. चित्र बघून मनातलं बोलता येत असेल तर ते चित्र कुठलंही चालेल, भिंतीवरचं कॅलेंडरही चालेल. चित्राला आपलं काही ठाऊक नसतं, बोलणाऱ्या आपणच असतो. गटात ऐकायला बारा जणी असतात आणि फी लागत नाही. पत्ता बघून पुढं काय होणार ते कुणी सांगू लागलं, की तिथं उठायचं. आणि उपाय म्हणून दुसऱ्यांदा पैसे मागितले, तर तो उपाय नाही, वसुली आहे.

त्या सदस्येचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. गटानं तिचा हप्ता लहान करून दिला, दंड लावला नाही. वहीतली नोंद मात्र खरी करून घेतली, कारण खोट्या कारणाची सवय एका वहीतून दुसऱ्या वहीत जाते. दोघी तिच्याबरोबर व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन आल्या. नवरा एकदा आला, दुसऱ्यांदा आला नाही, तिसऱ्यांदा पुन्हा आला. पुढं काय होईल हे आम्हाला माहीत नाही, आणि तिलाही आता ते कुणाला फोन करून विचारायचं नाही. तिचे पैसे परत मिळाले नाहीत. तक्रार उशिरा झाली, तोवर खातं रिकामं होतं.

म्हणून शेवटी एक नंबर लिहून घ्या. पेन्सिल नसेल तर मुलांना हाक मारा. फोनवरून पैसे पाठवले आणि फसवणूक झाली असं कळलं, तर लगेच १९३० या नंबरावर फोन करायचा. लाज वाटली म्हणून दोन दिवस थांबायचं नाही, जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात. पैसे गेल्याचा मेसेज पुसू नका, ज्या नंबरावर पाठवले तो नंबर आणि तारीख गटाच्या वहीतही लिहून ठेवा.

पत्त्यांचा जोड ग्रामसंघाच्या कपाटात आहे. ज्या गटांना बैठकीत ठेवून बघायचा असेल त्यांनी सही करून न्यावा आणि ७८ मोजून परत द्यावा, मागच्या वेळी पेल्याची राणी एका घरी राहिली होती. पुढच्या वेळी आपण बोलणार आहोत मुगाच्या घरच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून काय करायचं त्यावर. नमस्कार.